डाव्या हाताचे मोल

मिगेल द सेर्व्हांतेस हे नाव आपणा सर्वांना ‘डॉन क्विक्झोट’चा कर्ता म्हणून परिचित आहे. मला मात्र तो आधी आठवतो पगारी शिपाई म्हणून, चाकरीत हात गमावलेला.

स्पेनमधील आल्काला द एनारेस येथे १५४७ साली त्याचा जन्म झाला. वडील शस्त्रवैद्य होते, पण घरात पैसा टिकत नसे. तो सैन्यात शिरला. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांतोच्या आरमारी लढाईत अंगात ताप असतानाही तो गलबतावर उभा राहिला. दोन गोळ्या छातीत लागल्या, तिसरीने डावा हात निकामी केला.

मेसिनाच्या इस्पितळात त्याने सुमारे सहा महिने काढले. आजच्यासारखे प्लास्टर तेव्हा नव्हते. ते एकोणिसाव्या शतकातले. हात कापावा लागला नाही, पण त्यात पुन्हा बळ आले नाही.

चरित्रकार हे सहा महिने दोन ओळींत आटोपतात. मला ते जमत नाही. सुट्टीत एका कारखान्यात काम करताना यंत्राच्या पट्ट्यात सापडून माझा हात कोपराखाली मोडला होता. प्लास्टर निघाले तेव्हा घरच्यांना वाटले, दुखणे संपले. खरे तर तिथून ते सुरू झाले. मूठ वळेना, सदऱ्याची गुंडी लागेना. ओला पंचा पिळत मी कित्येक महिने काढले. कामावर परत घेतील का, ही चिंता दुखण्याहून मोठी होती.

सेर्व्हांतेस एप्रिल १५७२ मध्ये, महिना तीन एस्कुदोंवर, पुन्हा पलटणीत रुजू झाला. हात बरा होण्याची वाट त्याने पाहिली नाही. १५७५ साली चाच्यांनी त्याला पकडून अल्जीरियास नेले. पाच वर्षांच्या कैदेत चार वेळा पळण्याचा प्रयत्न फसला. अखेर ५०० एस्कुदो भरून १५८० साली सुटका झाली. पुढे आरमारासाठी धान्य गोळा करणे, करवसुली, हिशेबाच्या घोटाळ्यावरून सेव्हिलचा तुरुंग, हे सारे त्याने भोगले. ‘डॉन क्विक्झोट’चा पहिला भाग १६०५ साली निघाला, तेव्हा तो ५७ वर्षांचा होता.

१६१४ मध्ये कोणा तोतया लेखकाने पुस्तकाचा बनावट दुसरा भाग काढून त्याच्या थोट्या हाताची टर उडवली. पुढच्याच वर्षी खरा दुसरा भाग आला. त्याच्या प्रस्तावनेत सेर्व्हांतेसने त्या जखमेचा अभिमानच सांगितला. २२ एप्रिल १६१६ रोजी तो वारला. डावा हात शेवटपर्यंत सुधारला नाही. उजव्याने मात्र अखेरच्या दिवसांपर्यंत लेखणी सोडली नाही.