जिम हेन्सन

जेम्स मॉरी ऊर्फ जिम हेन्सन (२४ सप्टेंबर, १९३६:ग्रीनव्हिल, मिसिसिपी - १६ मे, १९९०:न्यू यॉर्क) हे अमेरिकन बाहुलीकार, दिग्दर्शक आणि 'मपेट्स' या बाहुल्यांचे जनक होते.

कारकीर्द

महाविद्यालयात शिकत असताना १९५५मध्ये हेन्सन यांनी वॉशिंग्टन येथील दूरचित्रवाणी केंद्रासाठी 'सॅम अँड फ्रेंड्स' ही मालिका सुरू केली. तिच्यासाठी त्यांनी आईच्या जुन्या कोटाच्या कापडापासून 'कर्मिट' ही बाहुली बनवली. दूरचित्रवाणीचा पडदा हाच रंगमंच मानून त्यांनी बाहुलीनाट्याची पारंपरिक चौकट वगळली. १९५८मध्ये सहकारी जेन नेबेल यांच्यासह त्यांनी आजच्या 'जिम हेन्सन कंपनी'ची स्थापना केली. पुढील वर्षी त्यांचा विवाह झाला.

सुरुवातीस जाहिराती हा कंपनीचा मोठा आधार होता. १९६९पासून 'सेसमी स्ट्रीट'मुळे हेन्सन यांच्या बाहुल्या घरोघरी पोहोचल्या. मात्र त्यांची ओळख बालकार्यक्रमांपुरती सीमित होऊ लागली. सर्व वयोगटांसाठीच्या 'द मपेट शो'ला अमेरिकन वाहिन्यांनी नकार दिल्यावर ब्रिटिश निर्माते लू ग्रेड यांनी पाठबळ दिले. १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमध्ये त्याचे १२० भाग तयार झाले.

मृत्यू आणि वारसा

कंपनी डिस्नीला विकण्याची बोलणी सुरू असतानाच जीवाणूसंसर्गामुळे ५३व्या वर्षी हेन्सन यांचे निधन झाले आणि तो व्यवहार फिसकटला. वारसांनी २०००मध्ये कंपनी एका जर्मन उद्योगाला विकली व २००३मध्ये परत विकत घेतली. २००४मध्ये मपेट्सचे हक्क डिस्नीकडे गेले. त्यामुळे हेन्सन यांची कंपनी कुटुंबाकडे राहिली, परंतु कर्मिट तिच्याकडे राहिला नाही.