एका डॉलरचे पेटंट

१४ नोव्हेंबर हा दिवस आपल्याकडे पंडित नेहरूंचा जन्मदिन, म्हणून बालदिन. जगभर मात्र तो मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. कारण १८९१ साली याच तारखेस कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात, ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. इन्शुलिनच्या शोधाशी जोडलेले त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यांच्या चरित्रातील ज्या प्रसंगाशी थांबावेसे वाटते, तो पाठ्यपुस्तकांत एका वाक्यात उरकलेला असतो.

बँटिंग हे मुळात संशोधक नव्हतेच. १९१६ साली टोरांटो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते महायुद्धावर गेले. १९१८ मध्ये कांब्रेच्या लढाईत जखमी झाले व शौर्यपदक घेऊन परतले. १९२० च्या उन्हाळ्यात त्यांनी लंडन येथे (हे लंडन ऑन्टॅरिओतले, इंग्लंडचे नव्हे) दवाखाना थाटला. पहिल्या महिन्याची कमाई अवघी चार डॉलर! पोटासाठी त्यांनी तेथील विद्यापीठात अर्धवेळ शिकवण्याचे काम पत्करले, आणि स्वादुपिंडासंबंधीच्या वाचनातून ३१ ऑक्टोबर १९२० च्या रात्री त्यांना ती प्रसिद्ध कल्पना सुचली. अर्धवेळ अध्यापकीतून एवढे मोठे काही निष्पन्न व्हावे, ही गोष्ट आम्हा मास्तरांना सुखावणारी आहे खरी. वास्तविक ती मूळ कल्पना शास्त्रदृष्ट्या पुरती बरोबर नव्हती. पण तिने त्यांना टोरांटोस प्रा. मॅक्लाउड यांच्या दारी नेले. १९२१ च्या मे महिन्यात प्रयोगशाळा, काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा तरुण सहायक एवढ्या भांडवलावर काम सुरू झाले. वर्षअखेरीस जेम्स कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास पहिले इंजेक्शन टोचण्यात आले. ते अशुद्ध होते व फसले. २३ जानेवारीपासून कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने मात्र मुलाची प्रकृती सुधारू लागली. तोवर अशा मुलांवर उपासमारीचा आहार हाच काय तो उपचार होता, आणि तोही मरण लांबविण्यापुरता.

याच दिवसांत या चौघांत विकोपाची भांडणे चालली होती. कोणी परस्पर पेटंट घेऊ नये म्हणून २५ जानेवारीस त्यांना लेखी करार करावा लागला. ही हकीकत सांगणे भाग आहे, कारण पुढे जे घडले ते साधुसंतांच्या हातून नव्हे, तर रागालोभाच्या माणसांच्या हातून घडले. वैद्याच्या शपथेशी विसंगत म्हणून बँटिंग यांनी प्रथम पेटंटावर आपले नाव घालू दिले नाही. पुढे अमेरिकन कायद्याच्या गरजेपोटी त्यांना ते घालावे लागले. नंतर बँटिंग, बेस्ट व कॉलिप या तिघांनी प्रत्येकी एका डॉलरच्या मोबदल्यात ते टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. दानच करावयाचे तर पेटंट कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. त्यांनी ते घेतले नसते, तर दुसऱ्या कोणी घेऊन इतरांचे हात बांधले असते. मक्तेदारी रोखण्यासाठी मक्तेदारीचेच हत्यार त्यांनी उचलले.

हत्यार उचलले, पण ते पुरेसे ठरले काय? १९२२ साली औषध इतके तुटपुंजे होते, की कोणास द्यावयाचे हाच प्रश्न होता. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज हिला ते मिळाले व ती १९८१ पर्यंत जगली. सामान्य घरच्या अनेक मुलांपर्यंत ते वेळेत पोहोचले नाही. उत्पादन वाढविण्यासाठी विद्यापीठाने एलाय लिली या अमेरिकन कंपनीस एक वर्षाचा खास परवाना दिला. कंपनीने उत्पादन खरोखरीच वाढविले. त्याचबरोबर आपल्या सुधारित पद्धतीच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि औषधाला स्वतःचे व्यापारी नावही दिले. मूळ शोध सार्वजनिक, सुधारणा खाजगी, ही वाट तेव्हाच पडली.

१९२३ मध्ये बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेस्टला वगळले म्हणून संतापलेल्या बँटिंग यांनी आपल्या रकमेचा निम्मा भाग त्याला दिला. मॅक्लाउड यांनीही कॉलिपना तसाच वाटा दिला. पुढील आयुष्यात 'सर' ही पदवी आली, चित्रकलेचा नाद लागला. दुसरे इन्शुलिन मात्र त्यांना सापडले नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये युद्धकार्यासाठी इंग्लंडला निघालेले त्यांचे विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळले व त्यात त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी अमेरिकेत इन्शुलिन बनविणाऱ्या कंपन्यांवर संगनमताने किंमत ठरविल्याचा खटला भरला गेला.

पुढे प्राण्यांच्या स्वादुपिंडाची जागा १९८२ पासून जनुकतंत्राने बनविलेल्या इन्शुलिनने घेतली, आणि १९९६ मध्ये त्याचा नवा सुधारित प्रकार आला. लिलीच्या या प्रकाराची एक कुपी तेव्हा २१ डॉलरला मिळे. २०१९ मध्ये तिची छापील किंमत सुमारे २७५ डॉलर होती. ही वाढ केवळ उत्पादकाच्या लोभाने झाली असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या वतीने औषधांची यादी ठरविणाऱ्या मध्यस्थ कंपन्या असतात. यादीत जागा हवी असेल, तर उत्पादकाने त्यांना घसघशीत सूट परत द्यावयाची. म्हणजे छापील किंमत जितकी चढी, तितकी सूट दाखविण्यास वाव अधिक. या सुटीचा लाभ मध्यस्थास आणि विमा कंपनीस मिळतो. रुग्णाचा वाटा मात्र पुष्कळदा छापील किमतीवर मोजला जातो, आणि ज्याला विमाच नाही तो ती सगळीच भरतो. ज्याची सौदाशक्ती सर्वांत कमी, त्याला सर्वांत महाग! शिवाय इन्शुलिन महागले म्हणून कमी टोचता येत नाही. तसे करणारे लोक प्राणांस मुकले आहेत. मागणीची लवचिकता शून्याजवळ असणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांस समजावण्यास याहून भीषण उदाहरण सापडणार नाही.

आपल्याकडे मानवी इन्शुलिन आवश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याची कमाल किंमत सरकार ठरविते. पण आपला आरोग्यविमा बहुधा रुग्णालयात दाखल झालेल्यांपुरता असतो. रोजच्या सुईचा खर्च खिशातूनच जातो.

जून २०१९ मध्ये काही अमेरिकन मधुमेही गाड्या करून सीमेपलीकडे गेले व सुमारे दहाव्या हिश्श्याच्या किमतीत इन्शुलिन घेऊन आले. ते ज्या गावी गेले, ते ऑन्टॅरिओतले लंडनच होते. २०२२ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात दरमहा ३५ डॉलरची मर्यादा घातली. मार्च २०२३ मध्ये लिलीने किमती ७० टक्क्यांपर्यंत उतरविण्याचे जाहीर केले. ते निव्वळ औदार्य नव्हते, कारण २०२४ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमामुळे चढ्या किमतीच्या औषधांवर गरिबांच्या सरकारी विमायोजनेस द्यावयाची सूट कंपन्यांना जड जाणार होती. खाजगी विमाधारकांसाठी तीच ३५ डॉलरची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२२ मध्ये सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ असे बहुमत असूनही फेटाळला गेला, कारण आवश्यक ती ६० मते मिळाली नाहीत. ज्यांना कोणताच विमा नाही, त्यांच्यासाठी त्या कायद्यात कोणतीच मर्यादा घातली गेली नाही.