बाईला घेऊ नका म्हणाले, तिची गोष्ट

मुडदूस कशानं होतो हे ज्यांच्यामुळे समजलं, त्यांत हॅरिएट चिक हे नाव फार वरचं. १८७५ साली लंडनमध्ये लेसच्या व्यापाऱ्याच्या घरी ती जन्मली. घरात पुष्कळ भावंडं, तरी आईवडिलांनी मुलींना शिकवलं. १९०५ मध्ये लिस्टर संशोधन संस्थेत तिनं अर्ज केला, तेव्हा तिथल्या दोघांनी संचालकांना गळ घातली की बाईला घेऊ नका. संचालकांनी घेतलं, हे बरं झालं!

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात उपासमार होती. मुलांचे पाय वाकत होते. १९१९ मध्ये हॅरिएट आपल्या सहकारी बायकांसह तिथे गेली. तिथले मोठे डॉक्टर पिर्के यांना हा संसर्गाचा रोग वाटे. हिनं दवाखान्यातल्या काही बाळांना कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं, काहींना नाही. हिवाळ्यात तेल न मिळालेल्या बाळांत मुडदूस दिसला, तेलवाल्यांना झाला नाही. उन्हानंही तो बरा होतो, हेही दिसलं.

मला मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. तिथे मोठ्या माणसांचीही हाडं मऊ पडून दुखत होती, चालणं अवघड झालं होतं. त्यांच्यावर हॅरिएट आणि एल्सी डॅलिएल यांनी काम केलं, १९२१ मध्ये ते छापूनही आलं. या तेलानं तीही माणसं सुधारत होती. आमच्या भडगावात मात्र म्हातारीची कंबर-मांड्या ठणकल्या की घरचे म्हणतात, वय झालं. ती बिचारीही तेच म्हणते आणि आतल्या खोलीत पडून राहते.

ऊन तर आपल्याकडे रग्गड, मग कमतरता कशी? याचं उत्तर आपल्या नाशिकनं दिलंय. तिथे हचिसन आणि शहा यांनी केलेली पाहणी १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांत हा आजार दिसला. उन्हात राबणाऱ्या गरिबांत नाही. शिवाय वय वाढतं तसं त्वचेत ड जीवनसत्त्व कमी तयार होतं आणि बंद काचेआडचं ऊन कामाचं नाही. दुखणं हटत नसेल तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यावं. गोळ्या मनानं घेऊ नयेत, जास्त झाल्या तर बाधतात.

हॅरिएटला १९४९ मध्ये डेम हा किताब मिळाला. १९७७ मध्ये ती गेली, तेव्हा १०२ वर्षांची होती.