मत्स्यपेटीची जननी

सुट्टीत घरी मासे पाळण्याची काचेची पेटी मांडणार असाल, तर झान व्हिलप्रू-पॉवर हे नाव माहीत करून घ्या. जन्म फ्रान्समध्ये, १७९४. पॅरिसमध्ये शिवणकाम करून त्या पोट भरीत. लग्नानंतर सिसिली बेटावर मेसिना येथे राहिल्या.

आर्गोनॉट हा ऑक्टोपसच्या जातीचा जीव. त्याचा शंख स्वतःचा की दुसऱ्याचा बळकावलेला, यावर विद्वान भांडत होते. मेलेले नमुने पाहून निकाल कसा लागणार? बाईंनी १८३२ साली काचेची टाकी करवून घेतली, जिवंत आर्गोनॉट त्यात सोडले, शंखाला भोक पाडले व पाहत बसल्या. त्या जिवाने भोक स्वतःच बुजवले!

१८३८ साली जहाज बुडाले. त्यांचे बरेचसे कागद व नमुने समुद्रात गेले. त्यानंतर नवे संशोधन फारसे झाले नाही. १८७१ साली त्या वारल्या.