अ‍ॅलन ट्यूरिंग यांचे फावल्या वेळचे उद्योग

मनुष्य पोटासाठीं जें काम करतो, त्यावरून त्याची योग्यता जगास कळते. परंतु जें काम त्याच्याकडून कोणी मागत नाहीं व ज्याचें वेतनही मिळत नाहीं, तें तो कोणत्या निष्ठेनें करतो, यावरून त्याच्या मनाची ओळख पटते. आज घरोघरीं व कचेऱ्यांतून दिसणाऱ्या संगणकयंत्राचा पाया ज्यांनीं घातला, त्यांपैकीं एक थोर गणिती अ‍ॅलन ट्यूरिंग यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. म्हणून त्यांच्या फावल्या वेळच्या उद्योगांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

ट्यूरिंग यांचा जन्म ता. २३ जून १९१२ रोजीं लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील मद्रास इलाख्यांत सनदी नोकरींत होते. आईबाप हिंदुस्थानांत असल्यामुळें अ‍ॅलन व त्यांचे वडील बंधु यांचें बालपण बहुतेक इंग्लंडांत परक्या कुटुंबांत गेलें. दहा वर्षांच्या सुमारास सृष्टींतील चमत्कार मुलांस समजावून सांगणारें ब्रूस्टर यांचें एक पुस्तक त्यांच्या हातीं आलें, आणि सजीव सृष्टिही नियमांनीं चालते, ही कल्पना त्यांच्या मनांत रुजली. १९२३ सालीं त्यांच्या मातोश्रींनीं एक विनोदी चित्र काढलें. त्यांत इतर मुलें हॉकी खेळत आहेत आणि अ‍ॅलन मात्र वांकून गवतांतील डेझीचीं फुलें न्याहाळीत आहेत, असें दाखविलें आहे. हें चित्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१९२६ सालीं शेरबोर्न येथील शाळेंत दाखल व्हावयाचें, तोंच सार्वत्रिक संपामुळें आगगाड्या बंद पडल्या. तेव्हां हा तेरा वर्षांचा मुलगा साउदॅम्प्टन बंदराहून सायकलीवर निघाला, आणि वाटेंत एक मुक्काम करून, सुमारें साठ मैलांचा प्रवास संपवून शाळेंत हजर झाला. शाळेंत मात्र त्यांचें फारसें कौतुक झालें नाहीं. अक्षर वाईट, वह्या अस्वच्छ, आणि मन नेमलेला अभ्यास सोडून स्वतःच्या गणितांत व रसायनांत गुंतलेलें! केवळ शास्त्राच्याच मागें लागावयाचें असेल, तर या शाळेंत मुलाचा वेळ फुकट जात आहे, अशा अर्थाचा अभिप्राय मुख्याध्यापकांनीं आईबापांस कळविला.

पुढें केंब्रिज येथें गणित शिकून १९३५ सालीं ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. १९३६ सालीं लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं एक कल्पनेंतील यंत्र वर्णिलें. दुसऱ्या कोणत्याही गणकयंत्राचे नियम फितीवर लिहून दिले, कीं हें एकच यंत्र त्याचें काम करूं शकतें. आजच्या प्रत्येक संगणकाच्या मुळाशीं हीच कल्पना आहे. परंतु ट्यूरिंग यांना हातानें वस्तु घडविण्याचाही नाद होता. अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें असतां एका मित्राकडून तेथील कारखान्याची किल्ली मिळवून, विजेचे रिले स्वतः तयार करून, त्यांनीं गुणाकाराचें यंत्र जुळविण्यास आरंभ केला. १९३९ सालीं केंब्रिजला एका अवघड गणितासाठीं पितळी दांत्यांच्या चाकांचें यंत्र हातीं घेतलें. कांहीं चाकें कापून झालीं, तोंच महायुद्ध सुरू झालें व यंत्र अपुरेंच राहिलें.

युद्धकाळांत ब्लेचली पार्क येथें जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामीं त्यांनीं मोठी कामगिरी बजावली. तेथें त्यांच्या सायकलची साखळी वारंवार निसटत असे. सायकल दुरुस्तीस न देतां त्यांनीं चाकाच्या फेऱ्या मोजल्या आणि कोणती वांकलेली तार कोणत्या सदोष कडीशीं आली म्हणजे साखळी सुटते, हें शोधून काढलें, असें सांगतात.

युद्धानंतर संगणकाची योजना आंखीत असतां ते लांब पल्ल्याच्या धांवण्यास लागले. ऑगस्ट १९४७ मध्यें मॅरेथॉन शर्यत त्यांनीं २ तास ४६ मिनिटें ३ सेकंदांत पुरी करून पांचवा क्रमांक मिळविला. पुढील वर्षीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांतील विजेत्यास याहून सुमारें अकराच मिनिटें कमी लागलीं! बुद्धिबळाचा त्यांना शौक असे. पण त्यांत ते विशेष प्रवीण नव्हते. १९४८ सालीं मित्र चँपरनाउन यांच्यासह त्यांनीं बुद्धिबळ खेळण्याचा प्रोग्रॅम रचला. तो चालविण्याजोगें यंत्र हाताशीं नसल्यामुळें १९५२ सालीं ट्यूरिंग स्वतःच यंत्र बनले, व प्रत्येक खेळीस सुमारें अर्धा तास आंकडेमोड करून एका सहकाऱ्याविरुद्ध खेळले. तो डाव प्रोग्रॅम हरला!

१९४८ पासून ते मँचेस्टर विद्यापीठांत होते. तेथील संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारांसाठीं त्यांनीं मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. विल्म्सलो येथील घरीं घरगुती पदार्थांतून रसायनें तयार करण्याचे प्रयोग चालत. परंतु सर्वांत जुना छंद फुलांचाच होता. सूर्यफुलांतील दाण्यांच्या वळणदार ओळी अमुकच संख्येच्या कां असतात, प्राण्यांच्या अंगावर ठिपके कसे उमटतात, हे प्रश्न त्यांनीं रात्रीच्या वेळीं संगणकावर सोडविण्यास घेतले. पसरणाऱ्या रसायनांच्या परस्परक्रियेनें असे आकार आपोआप उत्पन्न होऊं शकतात, हें त्यांनीं १९५२ सालच्या निबंधांत गणितानें दाखविलें. १९९० सालीं फ्रान्समधील शास्त्रज्ञांना असे आकार रसायनांत प्रत्यक्ष दिसले.

त्याच १९५२ सालीं त्यांच्यावर मोठें संकट आलें. समलिंगी संबंध हा त्या वेळीं इंग्लंडांत गुन्हा होता. त्यावरून त्यांना दोषी ठरवून शरीरास पीडा देणारा औषधोपचार लादण्यांत आला, आणि ज्या सरकारी गुप्त कामानें राष्ट्राचें रक्षण झालें, त्याचींच दारें त्यांना बंद झालीं. तरी वनस्पतींचा अभ्यास त्यांनीं सोडला नाहीं. ता. ७ जून १९५४ रोजीं, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं, सायनाइड विषानें त्यांचा अंत झाला. चौकशींत ती आत्महत्या ठरली. घरच्या प्रयोगांतील तो अपघात असावा, असें मातोश्रींचें मत मात्र कायम राहिलें. १९६७ सालीं तो कायदा सौम्य झाला आणि २०१३ सालीं राणीनें ट्यूरिंग यांना मरणोत्तर माफी दिली. अन्याय झाल्यावर एकसष्ट वर्षांनीं आलेली ही माफी घेण्यास ते हयात नव्हते.

२०२१ सालीं इंग्लंडच्या पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचें चित्र आलें. त्या नोटेच्या मागील बाजूस सूर्यफुलाच्या आकारावरून घेतलेली एक लाल खूण आहे. हॉकी सोडून फुलें पाहणाऱ्या मुलाचा तो छंद असा राष्ट्राच्या नाण्यापर्यंत पोंचला. परंतु त्यांचीं कित्येक यंत्रें अपुरीं राहिलीं व डावही हरला, हेंही विसरतां कामा नये; छंदाचें मोल केवळ यशानें मोजावयाचें नसतें. पालकांस आमची एवढीच विनंती, कीं मुलगा वा मुलगी अभ्यास उरकून एखाद्या फुलाशीं किंवा मोडक्या चाकाशीं रमलेली दिसली, तर हांक मारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें व ती काय पाहते आहे, हें आधीं विचारावें.