उजेडाचे डॉक्टर : नील्स फिनसेन

क्षयरोग म्हणजे टीबी फुप्फुसांना होतो, हे तुम्ही ऐकलं असेल. पण टीबीचे जंतू कातडीतही घर करतात. सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात त्वचेचा क्षय पुष्कळांना व्हायचा, आणि तोही बहुतेक वेळा चेहऱ्यावर. लालसर गाठी यायच्या, जखमा वर्षानुवर्षे भरायच्या नाहीत, नाक आणि ओठ हळूहळू झडायचे. जणू लांडग्याने लचके तोडलेत! या रोगाच्या लॅटिन नावात म्हणूनच लांडगा आहे. असे रोगी तोंड लपवून जगायचे.

नील्स फिनसेन यांचा जन्म १८६० साली फेरो बेटांवर झाला. तिथे हिवाळ्यात दिवस जेमतेम पाच तासांचा! पुढे कोपनहेगनला ते डॉक्टर झाले. पण तरुणपणीच त्यांना एक आजार जडला. पोटात पाणी साठे, सतत थकवा येई. त्यांच्या खोलीत ऊन येत नसे. उन्हात बसलं की आपल्याला बरं वाटतं, हे त्यांच्या लक्षात आलं. समोरच्या छपरावरची मांजर सावली आली की सरकून पुन्हा उन्हात बसायची, असंही सांगतात. उन्हात असं काय आहे? फिनसेन यांनी हा प्रश्न सोडला नाही.

१८९५ साली त्यांनी चेहऱ्यावर त्वचेचा क्षय असलेल्या एका इंजिनिअरवर विजेच्या प्रखर दिव्याने उपचार सुरू केले. साध्या काचेतून हवे ते किरण नीट जात नाहीत, म्हणून स्फटिकाची भिंगं वापरली. कातडी भाजू नये म्हणून थंड पाणी खेळवलं. भिंग कातडीवर दाबून धरायचं, म्हणजे तिथलं रक्त बाजूला होतं आणि उजेड खोल जातो. किती साधी युक्ती, नाही का? मात्र एका वेळी नाण्याएवढीच जागा, म्हणून रोज तासन्‌तास, महिनोन्‌महिने बसावं लागे. पण जखमा भरल्या!

१८९६ साली त्यांची संस्था सुरू झाली. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या राणी अलेक्झांड्रा यांच्यामुळे हा दिवा लंडनच्या रुग्णालयातही पोहोचला. १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा फिनसेन चाकांच्या खुर्चीत होते. बक्षिसातली काही रक्कम त्यांनी संस्थेला दिली. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते वारले. त्यांच्या स्वतःच्या आजारावर उजेडाचा उपाय चालला नाही.

टीबीवर गोळ्या-इंजेक्शनं आली १९४० नंतर. तोवर चेहरा उघडा ठेवून रस्त्यावर यायला पुष्कळांना हाच दिवा उपयोगी पडला.