सयाजी ऊ बा खिन
सयाजी ऊ बा खिन (६ मार्च १८९९ – १९ जानेवारी १९७१) हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल व विपश्यनेचे गृहस्थ आचार्य होते. ‘ऊ’ हे बर्मी भाषेतील आदरार्थी संबोधन असून ‘सयाजी’ म्हणजे गुरुजी. त्यांचा जन्म रंगून येथे झाला. पुढे ते महालेखापाल कार्यालयात कारकून म्हणून रुजू झाले.

ध्यानाची ओळख त्यांना १९३७ साली, संसार आणि नोकरी सांभाळत असतानाच झाली. सया थेटजी या शेतकरी आचार्यांच्या शिष्याने त्यांना आनापान समजावून दिले. यात श्वास रोखायचा वा लांबवायचा नसतो. नैसर्गिक श्वास नाकपुड्यांपाशी केवळ जाणत राहायचा आणि भरकटलेले मन न चिडता पुन्हा तेथे आणायचे. ऐकताना सोपी वाटणारी ही गोष्ट नवशिक्याची चांगलीच परीक्षा पाहते. बा खिन पुढे थेटजींकडे जाऊन विपश्यना शिकले.

१९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते महालेखापाल झाले. कार्यालयातच त्यांनी ध्यानासाठी जागा केली आणि १९५२ साली रंगूनमध्ये आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र स्थापन केले.

अर्धशिशीने त्रस्त झालेले उद्योजक सत्यनारायण गोएंका त्यांच्याकडे आले, तेव्हा केवळ डोकेदुखीच्या उपचारासाठी शिकवण्यास त्यांनी नकार दिला. चित्तशुद्धीचा हेतू मान्य झाल्यावरच १९५५ साली गोएंकांना प्रवेश मिळाला. हा नकार कठोर वाटला तरी शिकवणीशी सुसंगत होता.

ही विद्या भारतात परत जावी, अशी बा खिन यांची इच्छा होती. १९६९ साली गोएंका भारतात आले. इगतपुरीचे केंद्र मात्र बा खिन यांच्या निधनानंतर, १९७६ साली सुरू झाले.